रिकाम्या हातानं पाठवायचं नाही

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज मृतांच्या आठवणीचा दिवस. उपासना संपल्यावर सगळी मंडळी शेवंतीचे हार आणि मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात गेली. मी सरांची कबर कालच घासूनपुसून ठेवली होती, त्यामुळे आज दुसऱ्यांच्या कबरींवरचं गवत बघून नाक मुरडायला मोकळी. सर म्हणजे माझे मिस्टर, कृपादान. सगळी शाळा सर म्हणायची, मग मीही तेच म्हणायचे. आमचं भांडणसुद्धा "सर, तुम्हाला काही कळत नाही" इथूनच सुरू व्हायचं.

आराधना आली नाही. पुण्याहून नगरचं केडगाव अडीच तासांचं, पण साडेचार वर्षांत माझी लेक वडिलांच्या कबरीवर एकदाही आलेली नाही. कामं असतात म्हणते. फोन मात्र रोज करते, जेवलीस का विचारते.

वही नवी आहे म्हणून एकदा लिहून ठेवते. सर एप्रिल एकवीसमध्ये करोनात गेले. आमच्यात पुरतात, जाळत नाहीत. पण त्या आठवड्यात आमच्यात काय नि तुमच्यात काय, विचारायला कोणाला वेळ होता. मी तीन दिवस स्मशानाच्या पायरीवर बसून होते. चौथ्या दिवशी एक टोपीवाला माणूस पांढऱ्या फडक्यात बांधलेलं मडकं घेऊन आला आणि म्हणाला, "सरांच्या अस्थी हायेत, सिस्टर. घरी जावा आता." ते आबासाहेब. एसटीचे रिटायर ड्रायव्हर, तेव्हा फुकट शववाहिनी चालवायचे, आजही चालवतात. ते मडकं आम्ही इथं पुरलं, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि त्या रात्री मी पहिल्यांदा जेवले. मडकं हलकं होतं. शेवगाव रस्त्यावरच्या अपघातापासून सरांच्या मांडीत हातभर रॉड होता, तो त्यात नव्हता. आबा म्हणाले, लोखंड तिथं वेगळं काढतात. मला बरंच वाटलं, थंडीत तो रॉड सरांना फार छळायचा.

सख्खा भाऊ नाही मला. तेव्हापासून आबा आहेत.

५ नोव्हेंबर, बुधवार

गेलेल्यांच्या घरच्यांसाठी दवाखान्यानं काढलेल्या "सोबत" खोलीचं आज पहिलं प्रशिक्षण. नर्स म्हणून रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी डॉक्टरांनी मला बोलावलं, कारण मे महिन्यात इथं फार वाईट प्रकार झाला. वीटभट्टीवरच्या एका परप्रांतीय बाईचा नवरा गेला आणि आमच्याच आयाबाईनं मायेनं तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. त्या बाईच्या लोकांत असं काही करतच नाहीत. ती ओरडत राहिली आणि आमच्या बायका समजल्या, दुःखानं ओरडतेय. तेव्हा मी भांडले होते. मग भांडणाऱ्या बाईलाच काम द्यायचं, अशी आपल्याकडे रीत आहे.

मी एक पत्रक तयार केलंय. माणूस गेलं की घरच्यांना त्यांच्या भाषेत विचारायचं: आंघोळ कोण घालणार, तोंड कुठल्या दिशेला, पुरणार की अग्नी, बाईमाणसाचं काय करायचं आणि काय करायचं नाही, अस्थी कोण नेणार, कितव्या दिवशी. सगळे रकाने मी स्वतः आखले. डॉक्टर म्हणाले, "लिडियाबाई, हे जिल्ह्याला दाखवण्यासारखं आहे." मी नको नको म्हणाले, पण मनात गुदगुल्या झाल्या.

मग नियम सांगितले. आपली रीत त्यांच्या डोक्यावर थापायची नाही. रडणाऱ्याला गप्प करायचं नाही. ऐकणाऱ्याला पेलेल असंच बोलायचं. आणि शेवटचा, तो मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला: घरच्यांना रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. हजार मैलांवरून आलेल्या माणसाला परत जाताना हातात काहीतरी हवं, तिचं पातळ, त्याचा चष्मा, काहीही. आबा पहिल्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसले होते. शेवटी म्हणाले, "ह्यो शेवटचा नेम लई भारी हाय, सिस्टर. मी तर आधीपासून त्येच करतो."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

एतवारी मुंडा. वय वर्षं बावीस. झारखंडातल्या खुंटीकडची, भट्टीवर गावातल्या बायांबरोबर आलेली. परवा ताप घेऊन आली, तो मेंदूत गेलेला होता. आज सकाळी सव्वाअकराला गेली.

तिच्या गावच्या दोन बाया व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. त्यांनी मोबाईल लावून दिला. पलीकडे वडील, सोमरा मुंडा. माझं हिंदी म्हणजे मराठीला है लावलेलं, पण त्यांना कळत होतं. पहिलं त्यांनी विचारलं, तकलीफ झाली का. मी म्हटलं, नाही, झोपेतच गई, एकदम शांत. खरं तर पोरगी पहाटेपासून आईला हाका मारत होती, त्या हाका सगळ्या वॉर्डनं ऐकल्या. पण चाळीस वर्षांत मी कुठल्याच आईबापाला हे सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

मग पत्रक. एकेक रकाना विचारत गेले. ते म्हणाले, पोरीला बर्फाच्या पेटीत ठेवू नका, थंडीची तिला भीती वाटते, अग्नी द्या. पण हाडं आमची आहेत. त्यांच्याकडे गोत्राचा एक मोठा दगड असतो. धान कापून झालं की वर्षातल्या सगळ्या गेलेल्यांची हाडं त्या दगडाखाली ठेवतात, आजोबा-पणजोबांपासून सगळे तिथंच आहेत. त्याखाली गेली नाही तर ती घरची होत नाही, बाहेरच फिरत राहते. "दीदी, मैं खुद आऊंगा. किसी को देना मत." मी म्हटलं, तीसरे दिन मिलेगा, पक्का. रकान्यात लिहिलं: अस्थी वडील स्वतः नेणार. तिसऱ्या दिवशी. खाली सही ठोकली.

संध्याकाळी आबांच्या गाडीतून नेलं. त्या दोन बायांनी सांगितलं तसं सगळं केलं. तोंडात तांदळाचे दाणे आणि एक नाणं. कोणी मध्ये आलं नाही, कोणी शहाणपण शिकवलं नाही. घरी येऊन सरांच्या फोटोला सांगितलं, आज आपलं पत्रक कामाला आलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अमावस्या. आबा दर अमावस्येला प्रवरासंगमला जातात. स्मशानातल्या खोलीत खिळ्यांना टांगलेल्या ज्या पिशव्या न्यायला कोणी येत नाही, त्या अस्थी गंगेला, म्हणजे गोदावरीला, सोडतात, स्वतःच्या डिझेलवर. असा माणूस मी पाहिला नाही.

साडेदहाला त्यांचा फोन आला, की त्या पोरीकडचं कोणी आलं नाही. माझं दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं. कसंबसं म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा आबा. दाढ काढली. दिवसभर पेज.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सोमरा मुंडा आज आले. मनमाडला उतरून, रात्र फलाटावर काढून, सकाळच्या गाडीनं नगरला. बारकासा माणूस, अंगात मुलाचा असावा असा मोठा स्वेटर, खांद्याला कापडी झोळी. माझ्या गालाची सूज बघून आधी माझीच चौकशी केली.

मी म्हटलं, कल आना था ना, गाडी लेट हुआ क्या? ते गोंधळले. "आपने तीसरा दिन बोला था." बोटांवर मोजून दाखवलं, बुध, गुरू, शुक्कर. मी हसून सोडून दिलं. थकलेला माणूस, दोन रात्री झोप नाही, होतो घोळ.

आबांना फोन केला, वडील आलेत म्हटलं. त्यांनी दोनदा विचारलं, कोणाचे वडील? मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "दोन वाजता घिऊन येतो." बरोबर दोनला आले. मडकं, पांढरं फडकं, वर गाठ. आमच्या सरांचं होतं तसंच. सोमरांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, मांडीवर ठेवलं आणि त्यांच्या भाषेत त्याच्याशी बोलायला लागले, रोजच्या आवाजात, पोरगी शाळेतून आल्यावर बोलावं तसं. आबा दारातच उभे होते. मी खूण केली की बसा, तर निघून गेले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी असणार.

मी स्टेशनवर सोडायला गेले. तिथं कळलं की सोमरा तिला वाट सांगत होते. प्रत्येक वळणाला सांगायचं असतं म्हणे, नाहीतर ती मागं राहते. रिक्षा वळली की सांगायचे, पुलावर सांगितलं, जिना चढताना सांगितलं. मनमाडला गाडी बदलायची हे दोनदा सांगितलं, कारण पोरगी तिथं पूर्वी एकदा चुकली होती. गाडी हलली तेव्हा मीही हात हलवला आणि म्हटलं, एतवारी, नीट जा.

मडकं मांडीवर घेतलेला त्यांचा फोटो दवाखान्याच्या ग्रुपवर टाकला. त्रेपन्न अंगठे आले.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ. आबांसाठी करंज्या आणि केक नेहमीसारखा बाजूला काढला. ते आले, पण बसले नाहीत. पूर्वी तासभर बसायचे, सरांच्या फोटोला हार घालायचे. आज फोटोकडे पाठच होती. शुगर वाढली असेल. त्यांच्या बायकोला, भागिरथीवहिनींना, सांगायला हवं, की यांना तपासून घ्या.

११ जानेवारी २०२६, रविवार

उपासनेहून आले तर सोमरांचे चार मिस्ड कॉल. लावला. मागं बायकांचे आवाज, कोंबडे. आनंदात वाटले. धान घरात आलं, पुढच्या रविवारी, अठराला, गोत्र जमणार आणि हाडं दगडाखाली ठेवणार. त्यासाठी आज एतवारीच्या चुलत्यांनी मडकं उघडलं. हाडं धुवून तेल-हळद लावतात.

"दीदी, एक बात पूछना था. अंदर लोहा मिला. आपके दवाखाने ने लगाया था क्या?"

मी म्हटलं, सरणाचा खिळा असेल, लाकडात असतात. ते म्हणाले, खिळा नाही, फोटो पाठवतो. फोटो आला. मोडलेलं हाड जोडायची सहा भोकांची पट्टी, चार स्क्रू अजून तिच्यातच. मी बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरला होते. अशा पट्ट्या उकळून उकळून माझ्या बोटांची कातडी गेलीय.

सोमरा म्हणाले, म्हातारे लोक विचारतायत, म्हणून विचारलं. दवाखान्याचंच असेल तर काही नाही, काढून बाजूला ठेवू. मी म्हटलं, रजिस्टर बघून सांगते.

१२ जानेवारी, सोमवार

एतवारीचे कागद काढले. ताप, सलाईन, इंजेक्शनं. ऑपरेशन नाही. लहानपणी मोडला असेल हात? मग वडिलांना माहीत नसतं का.

कदाचित स्मशानातल्या ओट्यावर आधीच्या कोणाची पट्टी राहून गेली असेल आणि यात आली असेल. तसंच असणार. पण आबा तर म्हणाले होते, लोखंड तिथं वेगळं काढतात.

डोकं दुखतंय. आबांनाच विचारते. काहीतरी साधं कारण निघेल आणि मीच हसेन.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. आबांच्या घरी गेले होते. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या मीच त्याला गुळमुळीत करीन.

आबा अंगणात नळीनं गाडी धूत होते. वहिनींनी हातावर तिळाचा लाडू ठेवला, माझी साडी छान आहे म्हणाल्या आणि आत गेल्या. मी मोबाईल आबांच्या पुढं धरला. त्यांनी हात टॉवेलला पुसले, फोटो पाहिला आणि मोबाईल परत दिला.

"पट्टी हाय."

"कुणाची?"

"एका म्हाताऱ्याची. पिशवीवर नाव न्हवतं. पोरं आलीच न्हाईत त्याची."

इतक्या साधेपणानं सांगितलं, की मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, मग एतवारी?

"ती अमुशाला संगमावर गेली, सिस्टर. तुमच्या कागदावर तिसरा दिवस हुता. मंगळवारी अग्नी दिला. मंगळ, बुध, बेस्तरवार. मी साडेधापोत वाट बघितली, तुमाला फोन केला. तुमी म्हनल्या, योग्य वाटंल तसं करा. मला वाटलं, येवढ्या लांबून कोन येतंय. हात जोडून सोडली पोरीला, तुळशीपत्र ठिवलं."

मी म्हटलं, मग शुक्रवारी मला सांगायचं. तुमच्या तोंडाला काय झालं होतं?

"काय सांगायचं हुतं? बाप झोळी घिऊन दारात बसलाय. तुमीच शिकिवलं, रिकाम्या हातानं पाठवायचं न्हाई. म्या रिकाम्या हातानं कुनालाच पाठवलं न्हाई आजपोत."

कुणालाच. हा शब्द त्यांच्या तोंडून निसटला. मी विचारायला नको होतं. विचारलं.

"आबा, सरांच्या मडक्यात रॉड का नव्हता?"

त्यांनी नळ बंद केला. "लोखंड कुनी काढत न्हाई, सिस्टर."

मी शववाहिनीच्या पायरीवरच बसले. ते सांगत होते. त्या आठवड्यात कुनाचं काय, सांगता येत न्हवतं. तुमी तीन दिवस पायरीवर. पानी सुदिक घेतलं न्हाई. चौथ्या दिवशी तुमी पडल्या असत्या. जे हाताला आलं ते बांधलं. "साडेचार वर्सं तुमाला झोप लागली ना? फुलं व्हायला जागा मिळाली ना? मग म्या वाईट काय केलं, सांगा."

मी उठले. ते फाटकापर्यंत मागं आले. "त्या बापाला हो म्हना. दवाखान्याची पट्टी हाय म्हना. एका शब्दाचं काम हाय, सिस्टर. त्याची पोर घरी पोचली, पोचू द्या."

मी त्यांना म्हटलं, परत माझ्या दारात येऊ नका. असं मी आयुष्यात कोणाला म्हटलेलं नाही. लाडू अजून पर्समध्ये आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

आराधनाला फोन केला. रडून घ्यायला दुसरं कोण आहे. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं, आई."

मडकं पुरायच्या आधी तिनं फडकं सोडून पाहिलं होतं. रॉड नव्हता, आणि सरांचा जबडा तसा नव्हता. आबांना तेव्हाच विचारलं तर ते तिच्या पाया पडले.

"आणि तू गप्प बसलीस? मला खोट्या कबरीवर मेणबत्त्या लावायला लावल्यास?"

"तू जेवायला लागली होतीस, आई."

मी फोन ठेवला. कबर घासताना ब्रश कुठला वापरायचा हेसुद्धा मी तिला सांगायचे आणि ती ऐकून घ्यायची. मला वाटायचं, पोरीला बापाची आठवण नाही. सगळ्यांनी मिळून मला सांभाळलं. वेड्या माणसाला सांभाळतात तसं. सरांना कुठं शोधू मी आता? त्यांचं कुठं काय झालं हे या जगात एकालाही माहीत नाही, आणि मी मात्र दर रविवारी कुण्या परक्याला शाळेच्या बातम्या सांगत होते.

सोमरांचा मेसेज आहे: दीदी, रजिस्टर मिला?

१६ जानेवारी, शुक्रवार

पत्रक काढून पाहिलं. "तिसऱ्या दिवशी", माझंच अक्षर. तारखेचा रकानाच नाही. आखताना सुचलाच नाही, कारण तिसरा दिवस म्हणजे कुठला हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. अग्नीचा दिवस धरूनच मोजायचं. आमच्यातही तसंच. शुक्रवारी क्रूस, रविवारी पुनरुत्थान, तिसरा दिवस. लहानपणापासून तेच मोजत आले. सोमरांनी अग्नीचा दिवस सोडून पुढं तीन दिवस मोजले. ते वेळेवर आले होते आणि मी त्यांना हसले.

ठीक आहे, ही चूक माझी. लिहून ठेवते. पण मी चुकले, आबांनी फसवलं. या दोन गोष्टी एक नाहीत. मी समोरच्या माणसाला खोटं उचलून हातात दिलेलं नाही.

डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, अडाणी लोक आहेत, समाधानात आहेत, कशाला ढवळता. मला क्षणभर तेच हवं होतं. एक हो, आणि रविवारी दगड खाली टेकतो. सगळं गाव जेवतं. कुणाचंच काही बिघडत नाही.

पण मग आराधना आठवली, फडक्याची गाठ परत बांधणारी. आणि त्या दगडाखाली एतवारीच्या आजीशेजारी तो म्हातारा, ज्याची पोरं पुण्यामुंबईहून आली नाहीत. माझ्या बाबतीत कोणी मला विचारलं नाही, की तुला खरं हवंय की झोप. मी सोमरांना विचारणार तरी कसं? विचारलं म्हणजेच सांगितलं.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी दहाला फोन केला. बसून नाही, उभी राहून. एका दमात सांगितलं, माझ्या त्या मोडक्या हिंदीत. लोहा दवाखान्याचा नाही. हाडं एतवारीची नाहीत. दिवस मोजण्यात घोळ झाला, तो माझा. आमच्या माणसानं तिला नदीत सोडलं आणि तुम्हाला दुसऱ्याचं मडकं दिलं.

पलीकडे कोंबडा आरवत राहिला. मग त्यांनी विचारलं, कुठली नदी. मी म्हटलं प्रवरा, तिथंच ती गोदावरीला मिळते. ती कुठं जाते? समुद्राला, आंध्रात. ते कोणाला तरी त्यांच्या भाषेत सांगत होते आणि एक बाई रडायला लागली. ती आई असणार. दोन महिने पोरगी घरात होती तिच्या, रोज मडक्यासमोर भात ठेवायची.

"मैं रास्ता बताते लाया," सोमरा म्हणाले. "हर मोड़ पर बताया. कौन सुन रहा था, दीदी?"

मी त्या म्हाताऱ्याबद्दल सांगितलं. त्याला दगडाखाली घेता येणार नाही, म्हणाले, पण परत इथंही पाठवणार नाहीत. गावाच्या शिवेवर जागा देतील. "इसको भी कोई खोजता होगा." मी म्हटलं नाही, की त्याला कोणी शोधत नाही. एतवारीसाठी काय करायचं ते म्हातारे ठरवतील. कदाचित ते पुन्हा येतील, संगमावर. मी म्हटलं, मी घेऊन जाईन, माझ्याकडे उतरा. त्यावर ते हो म्हणाले नाहीत. बोलता बोलता त्यांनी मला दीदी म्हणणंही सोडलं होतं, ते मला ऐकू आलं.

मी वाट बघत होते, की शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. मी तर आबांना दारच बंद केलं.

ठेवता ठेवता त्यांनी एकच विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता, बायको ऐकू नये म्हणून असेल.

"आपने बोला था, शांत गई. नींद में. वो तो सच है ना?"

मागं ती बाई अजून रडत होती. मी म्हटलं, हां. एकदम शांत.

"अच्छा," म्हणाले, आणि फोन ठेवला. एवढं तरी त्यांच्या हातात राहू दे.

त्यानंतर आबांचा दोनदा फोन येऊन गेला. मी उचलला नाही.